मोरचुदात वाढवलेला जीव

आमच्या घरी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, गोठ्याशेजारच्या खोलीत असायचं, वरच्या फळीवर, लहान पोरांचा हात पोचणार नाही असं. ऑक्टोबर छाटणी उरकली की पोतं खाली यायचं. अण्णा एका टाकीत 1 किलो मोरचूद भिजवत, दुसरीत 1 किलो चुना, आणि दोन्ही मिळून 100 लिटर बोर्डो, वेलींवर फवारायचं बुरशीनाशक, तयार व्हायचं. फवारायच्या आधी ते विळ्याचं पातं घासून चकचकीत करत आणि त्या निळ्या पाण्यात बुडवून धरत. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणत, "आंबटपणा राहिलाय, अजून चुना टाका." थर चढला नाही की ब्लोअर सुरू. निफाड तालुक्यात द्राक्षवाल्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आला की बाग गेली, आणि डाऊनीला अडवायचं तर तांबं. मोरचूद म्हणजे मारणारी वस्तू, हे आमच्या डोक्यात लहानपणीच पक्कं बसलेलं.

त्यामुळे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी प्रकल्पाचे विषय वाटले आणि माझ्या वाट्याला "खाणकामात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूंचा जड धातूंना प्रतिसाद" आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, तांब्यात जिवाणू मरत नाहीत?"

"काही मरत नाहीत. का मरत नाहीत, तेच तुला बघायचंय."

नाशिकमध्ये खाण म्हटलं की माणसाला खडीची खाण आठवते. आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट. तांब्याचं सल्फाइड खनिज, म्हणजे गंधकाशी जोडलेलं तांबं, बघायचं तर मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला जावं लागेल. तरी हा विषय मला परका वाटला नाही, याचं कारण मोरचूद. ज्या पदार्थाशी मी वाढले त्याच पदार्थात एक जीव वाढवायचा होता.

जीवाचं नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. 1947 साली कोल्मर आणि हिंकल या दोघांनी अमेरिकेत कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यामागे जिवाणूंचा हात असल्याचं दाखवलं. पुढे 1951 मध्ये त्याला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव मिळालं, आणि 2000 मध्ये वर्गीकरण बदलून आजचं. हा साखर खात नाही. फेरस लोहातला एक इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्याचं फेरिक करतो, त्या व्यवहारात सुटणाऱ्या अगदी तुटपुंज्या ऊर्जेवर जगतो आणि कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो. खाणीत त्याचा उपयोग इथेच आहे. फेरिक लोह सल्फाइड खनिजावर हल्ला करतं, तांबं विरघळून पाण्यात उतरतं, आणि त्यात फेरिकचं पुन्हा फेरस होतं. जिवाणू त्या फेरसला परत फेरिक करून देतो. हलक्या प्रतीच्या खनिजाचे मोठाले ढीग रचायचे, वरून आम्लाचं पाणी ठिबकवायचं आणि खाली निळंहिरवं पाणी गोळा करायचं. चिलीच्या वाळवंटातल्या खाणींत असे ढीग लागलेले असतात.

पण तेच पाणी पुन्हा पुन्हा ढिगावर फिरवतात. प्रत्येक फेरीला त्यात तांबं, जस्त, आर्सेनिक, जे जे खनिजात असेल ते वाढत जातं. म्हणजे हा जिवाणू-कामगार ज्या पाण्यात उभा आहे ते पाणी त्याच्याच कामामुळे दिवसेंदिवस जास्त विषारी होतं. त्याला ते सोसलं नाही तर ढीग थंड पडला.

कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणूंचं विरजण, पुण्याहून आलं, एका छोट्या बाटलीत, तळाशी पिवळसर गाळ. त्याला वाढवायचं माध्यम म्हणजे 9के. सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी 1959 मध्ये दिलेली ही कृती आजही तशीच चालते: लिटरला 3 ग्रॅम अमोनियम सल्फेट, थोडंसं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियमचा नावाला कण, आणि तब्बल 44.2 ग्रॅम फेरस सल्फेट. त्यातून लिटरला जवळपास 9 ग्रॅम, म्हणजे 9000 पीपीएम लोह मिळतं, म्हणून 9के. पीएच 2 च्या आसपास. लिंबाच्या रसाइतकं आंबट.

पहिल्या खेपेला मी सगळं एकत्र करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या प्रेशर कुकरमध्ये, घातलं, कारण तीन वर्षं प्रत्येक माध्यम तसंच केलं होतं. झाकण उघडलं तर हिरव्या पाण्याऐवजी विटकरी गढूळ पाणी, तळाला चिखल. लोह तापवण्यातच ऑक्सिडाइज होऊन बसलं होतं. जिवाणूसाठी खायला काही उरलंच नव्हतं. क्षार वेगळे तापवायचे, आणि फेरस सल्फेट आम्लाच्या पाण्यात विरघळवून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून नंतर मिसळायचं, हे त्या दिवशी शिकले. मोरचुदाचं द्रावणही तसंच गाळून.

दुसऱ्या खेपेचा फ्लास्क फिकट हिरवा होता, कैरीच्या पन्ह्यासारखा. शेकरवर लावला. एक आठवडा काहीच नाही. लॅबमधले मामा रोज सकाळी दार उघडायचे आणि मी येण्याआधीच बघून ठेवायचे. "ताई, हिरवंच आहे अजून." नवव्या दिवशी ते जिन्यातच भेटले. "चहा झाला बघा तुमचा." खरंच फ्लास्क कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला होता. काठावर पिवळी साय धरल्यासारखा थर होता, तो जॅरोसाइट, लोहाचाच एक क्षार. शेजारी जिवाणू न घातलेला फ्लास्क होता तो तसाच हिरवा. सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम एक मायक्रॉनच्या काड्या वळवळत होत्या. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

मोजायची रीत साधी होती. रोज फ्लास्कमधून 1 मिली काढायचं, त्यात सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्ल, निर्देशकाचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून पोटॅशियम डायक्रोमेट. हिरवट पाणी एका थेंबाला जांभळं होतं, तिथं थांबायचं. 0.05 नॉर्मल डायक्रोमेट असेल तर ताज्या माध्यमाला साधारण 3 मिली लागतं. जिवाणू जसं फेरस खातो तसं रिडिंग खाली येतं आणि शेवटी पहिल्या थेंबालाच जांभळं. पाच महिने मी त्या एका थेंबाची वाट बघत रोज ब्युरेटपुढे उभी राहिले. रविवारीसुद्धा.

आता तांबं. मोरचुदात वजनाच्या साधारण पाव भाग तांबं असतं, म्हणजे 1 ग्रॅम तांब्यासाठी 3.93 ग्रॅम मोरचूद. वाचलेल्या लेखांत या जिवाणूचे काही वाण लिटरला 10 ग्रॅमहून कितीतरी जास्त तांबं सोसतात असं होतं. त्यामानानं ई. कोलायसारखा आपला नेहमीचा जिवाणू काही मिलिमोलरमध्येच, म्हणजे लिटरला एका ग्रॅमच्याही बऱ्याच आत, गळपटतो. मला वाटलं, मग सुरुवात 10 ग्रॅमनंच करू. 100 मिलीच्या फ्लास्कात 3.93 ग्रॅम. द्रावण सुरेख मोरपंखी झालं. दहा दिवस ब्युरेटचं रिडिंग जागचं हललं नाही. काचेवर बघितलं तर काड्या होत्या, पण एकही वळवळत नव्हती. ते तांबं काढून साध्या 9केमध्ये घातलं, तरी उठले नाहीत.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याला तयारीला वेळ दिलास का तू? लेखातला वाण एका दिवसात तिथं पोचलेला नसतो."

मग पायऱ्या. 1 ग्रॅम, 2, 3, 5, साडेसात, 10. एका पायरीवर फ्लास्क चहाच्या रंगाचा झाला की त्यातलं 10 मिली पुढच्या पायरीच्या 90 मिलीत. प्रत्येक पायरीवर दोनदा, कधी तीनदा, त्याला स्थिर होऊ द्यायचं आणि मगच वर चढायचं. 1 ग्रॅमवर त्याला फारसं कळलंच नाही. 3 ग्रॅमवर पहिले तीन दिवस काही हालचाल नाही, आणि मग एकदा सुरू झाला की जवळजवळ बिनतांब्याच्या फ्लास्कच्याच वेगानं. मला हे सगळ्यात विलक्षण वाटलं. तांब्यानं तो सरसकट मंद होत नव्हता, आधी थांबत होता. त्या थांबण्यात आत काहीतरी बांधलं जात होतं. त्याच पायरीवर दुसऱ्यांदा घातला की तीन दिवसांचा थांबा दीड दिवसावर यायचा.

आत काय बांधलं जातं, ते वाचायला मी दुपारची ग्रंथालयात बसायचे. एक गोष्ट त्याला न मागता मिळालेली आहे. बाहेर पीएच 2, आत साडेसहाच्या आसपास. म्हणजे बाहेर हायड्रोजन आयन आतल्यापेक्षा तीस हजार पटींहून जास्त. ते आत घुसू नयेत म्हणून या जिवाणूच्या पेशीभोवतीचं पटल आतून धन प्रभाराचं असतं, आपल्या नेहमीच्या जिवाणूंच्या नेमकं उलट. धन प्रभाराचं तांबंही त्यामुळे थोडं बाहेरच अडतं. शिवाय पाण्यात सल्फेट भरपूर, ते तांब्याला धरून ठेवतं. पण एवढ्यानं भागत नाही. जे तांबं आत शिरतं ते प्रथिनांमधल्या लोह-गंधकाच्या जोडण्यांतून लोहाला हुसकावून स्वतः तिथं बसतं, आणि ती प्रथिनं निकामी होतात.

म्हणून पंप. पेशीच्या आतून तांबं उचलून आतल्या पटलापलीकडे टाकणारे कॉपए जातीचे पंप, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून चालणारे. मग दोन पटलांच्या मधल्या जागेतून तेच तांबं थेट बाहेर फेकणारे क्युस जातीचे. बाहेरच्या पटलातली मोठी छिद्रं तो कमी करतो, म्हणजे आवकच घटते. हे सगळं तांबं आल्याची वर्दी मिळाल्यावर उभं राहतं. लोहातून मिळणाऱ्या चिमूटभर ऊर्जेतून एवढी प्रथिनं बनवायची आणि रात्रंदिवस पंप चालवायचे. तीन दिवस तो काय करत होता, ते मला तेव्हा उमगलं.

आणि एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले. लोहाकडून आलेला इलेक्ट्रॉन वाहून नेणारं याचं मुख्य प्रथिन, रस्टिसायनिन, स्वतः तांब्याचं प्रथिन आहे. रंगानं निळं. मधल्या जागेत ते गच्च भरलेलं असतं. ज्या धातूपासून हा जीव वाचवायचा, त्याच धातूच्या अणूवर त्याचा श्वास चालतो. म्हणजे सगळं तांबं हाकलून देणं त्याला परवडणारं नाही. नेमकं हवं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं बाहेर काढत राहायचं, ही त्याची सहनशक्ती. याआधी सहनशक्ती म्हणजे जाड कातडी असं माझ्या डोक्यात होतं.

पॉलिफॉस्फेटचा प्रयोग मी हट्टानं केला. चिलीतल्या कार्लोस हेरेस यांच्या गटानं 2004 मध्ये दाखवलं होतं की तांबं दिलं की हा जिवाणू आत साठवलेल्या फॉस्फेटच्या लांब साखळ्या तोडतो आणि सुटं फॉस्फेट बाहेर टाकतो. तांब्याला धरून बाहेर नेण्याचा हाही एक मार्ग. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे होणं अवघड आहे, पण बघ. अवघड यासाठी की लोहावर वाढवलेल्या कल्चरमध्ये पेशी फार कमी मिळतात. 2 लिटर वाढवलं, फिल्टर पेपरमधून गाळून जॅरोसाइट काढलं, सेंट्रिफ्यूज केलं, आम्लाच्या पाण्यानं तीनदा धुतलं, तेव्हा नळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा फिकट गोळा बसला. तो फॉस्फेट नसलेल्या आम्ल पाण्यात मिसळून दोन वाटण्या केल्या. एकीत तांबं, दुसरीत नुसतं पाणी. ठरलेल्या वेळांना थोडं थोडं काढून, पेशी खाली बसवून, वरच्या पाण्यात मोलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल. फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो.

तांबं स्वतःच निळं असतं, त्यामुळे तेवढ्याच तांब्याची बिनपेशींची नळीही शेजारी ठेवली होती. नळ्या पांढऱ्या कागदापुढे रांगेत लावल्या. नुसत्या पाण्याच्या सगळ्या नळ्या जेमतेम निळसर. तांब्याच्या रांगेत पहिली फिकट, दुसरी थोडी गडद, तिसरी त्याहून गडद, चौथी शाईसारखी. कलरीमीटरचे आकडे नंतर आले, पण मला ती रांगच पुरेशी होती. साठवण फोडून तो स्वतःला वाचवत होता आणि ते मला दिसत होतं. मामांना बोलावून दाखवलं, तेही कागदापुढे वाकून बघत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी एक चूक केली, आणि या सगळ्या कामातली सर्वांत कामाची गोष्ट त्या चुकीतून हाती लागली. तोवर कल्चर साडेसात ग्रॅमवर नीट चालत होतं, पाच दिवसांत फ्लास्क संपवत होतं. सुट्टीच्या सुमाराला त्याला जरा सुखानं राहू द्यावं म्हणून मी साध्या 9केमध्ये ठेवलं आणि सुट्टी धरून चार वेळा तसंच पुढे नेलं. कल्चर झकास वाढत होतं. नंतर पुन्हा साडेसात ग्रॅममध्ये घातलं तर अकरा दिवस लागले. पहिल्या सहा दिवसांत तर ते गेलंच असं धरून मी वहीत रेघ मारली होती.

मॅडमनी वही उलटसुलट बघितली. "तांबं नसताना पंप चालू ठेवायची किंमत का मोजेल तो? आणि कळपातले जे तांब्याला जास्त सरावलेले असतील, ते साध्या पाण्यात इतरांपेक्षा मागेच पडत असतील." त्यानंतर मी दोन वंश कायम वेगळे चालवले, एक सतत तांब्यात आणि एक सतत बिनतांब्याचा. तांब्यातला वंश फेब्रुवारीत 10 ग्रॅमवर पोचला. ज्या 10 ग्रॅमनं पहिल्यांदा सगळे मेले होते त्याच मोरपंखी पाण्यात आता सातव्या दिवशी रंग बदलला. निळ्यावर तपकिरी चढून तो शेवाळी हिरवा दिसतो, चहासारखा दिसत नाही, म्हणून आधी मला कळलंच नाही, ब्युरेटनं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत 1986 पासून सोन्याच्या खनिजावर असे जिवाणू टाक्यांत काम करतात. तिथंही सुरुवातीला आर्सेनिकनं मंदावणारी कल्चरं टाकीत राहून राहून आर्सेनिक अधिक सोसू लागली. तिथल्या टाक्या थांबत नाहीत, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

जानेवारीचंही सांगायला हवं. आमचा शेकर उघडा, तापमान धरणारा नव्हता. या जिवाणूला 28 ते 30 अंश लागतात आणि नाशिकच्या त्या पंधरवड्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली. घरी अण्णा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत होते. इकडे 5 ग्रॅमचे फ्लास्क अचानक आठ-आठ दिवस घेऊ लागले. मी तांब्याला दोष देऊन दोन पानं लिहूनही टाकली. मग बिनतांब्याच्या फ्लास्कची रिडिंगं शेजारी मांडली, तर तेही तेवढेच रेंगाळलेले. दोष थंडीचा होता. मामांनी खोक्याला भोकं पाडून आत 60 वॉटचा दिवा लावून दिला, शेकरवर तो टोपीसारखा ठेवला, थर्मामीटर बघत दिवा वरखाली केला. ती दोन पानं मी फाडली. कंट्रोल फ्लास्क नसता तर ती प्रबंधात गेली असती.

पाऱ्यावर काम करायचीही माझी इच्छा होती. मॅडमनी ऐकलं नाही, आणि त्यांचं कारण मला पटलं. पाऱ्याला या जिवाणूंचं उत्तर तांब्याहून वेगळं आहे: मर्क्युरिक रिडक्टेज नावाचं विकर पाऱ्याच्या आयनाचं धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं आणि तो वाफ होऊन निघून जातो. जिवाणू सुटला, पण वाफ खोलीत. "त्याची सुटका म्हणजे तुझ्या फुप्फुसात पारा," मॅडम म्हणाल्या. वाफ ओढून बाहेर नेणाऱ्या बंदिस्त हूडशिवाय तो प्रयोग करायचा नाही, विषय संपला.

फेब्रुवारीच्या शेवटी अण्णा औषधं घ्यायला नाशिकला आले होते, तेव्हा लॅबमध्ये आले. चपला बाहेर काढून, हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसे उभे. मी 10 ग्रॅमचा फ्लास्क हातात दिला.

"हे किती टक्के धरायचं?"

"अण्णा, लिटरला जवळजवळ 40 ग्रॅम मोरचूद. तुमच्या बोर्डोच्या चौपट. आणि चुना नाही."

त्यांनी फ्लास्क उजेडाकडे धरला. "आणि हे जितं आहे?"

सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. एक डोळा मिटायला त्यांना जमेना, शेवटी तळहातानं झाकून बघितलं. नंतर त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली गंजकी लोखंडी किल्ली फरशीवर घासली आणि विचारलं, "बुडवू का?" मी टाकून द्यायचं पाणी चंचुपात्रात काढून दिलं. किल्ली बाहेर आली ती लालसर. अण्णा हसले. हा त्यांचा विळ्याचा पडताळा. आणि खाणीतही पूर्वापार हेच करत आलेत. ढिगाखालच्या निळ्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचं, लोह विरघळतं, तांबं त्याच्यावर बसतं, खरवडून घ्यायचं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग आमच्या बागेच्या मातीत तीस वर्षांचं तांबं बसलंय. हा जीव सोडला तर काढील का?"

नाही काढणार, आणि मी तसंच स्पष्ट सांगितलं. याला पीएच 2 लागतो. आपली माती चुनखडीची, साडेसात-आठची. तिथं हा दोन दिवस जगायचा नाही, आणि त्याला जगवायला माती तेवढी आंबट केली तर वेल आधी जाईल. त्यांचा चेहरा थोडा उतरला. पण त्यांचा प्रश्न बरोबर जागी होता. तांबं बागेच्या मातीत साचतं, ते कुजत नाही, उडून जात नाही, हे द्राक्षं पिकवणाऱ्या सगळ्या देशांत दिसलेलं आहे. फ्रान्समध्ये 1885 मध्ये मिलार्देनं बोर्डो मिश्रण पुढे आणलं तेव्हापासून ते वेलींवर पडतंय.

मी म्हटलं, "हा नसला तरी तिथले स्वतःचे कुणी असतील. तीस वर्षं सरावलेले."

पुढच्या आठवड्यात त्यांनी एसटीनं माती पाठवली, कंडक्टरच्या ओळखीनं, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत. ओळीतली, वेलाच्या बुडातली, ठिबकाच्या नळीखालची. प्रबंधाच्या बाहेरचं काम, पण मॅडमनी प्लेट वापरू दिल्या. साध्या न्यूट्रिएंट अगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, 2 मिलिमोलर तांबं घालून त्यावर मातीचं पाणी पसरलं. दोन दिवसांनी वसाहती उगवल्या, काही पांढऱ्या, काहींना हिरवट झाक. फोटो काढून अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

रात्री फोन आला. "म्हणजे आमच्या फवाऱ्याखाली हे जगत होते?"

"असं दिसतंय."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ताई, बिनफवाऱ्याच्या मातीतही असतील तर? वरच्या बांधावर चिंचेखाली कधीच फवारा जात नाही. तिथली पाठवू का?"

चौथी पिशवी दोन दिवसांत आली. त्याच दिवशी चारी मातींच्या प्लेट पसरल्या, तांब्याच्या आणि बिनतांब्याच्या. बिनतांब्याच्या प्लेटवर चिंचेखालची माती सगळ्यांत दाट उगवली. तांब्याच्या प्लेटवर तिच्या वसाहती बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, आणि वेलाच्या बुडातल्या मातीच्या मोजायला मला प्लेटच्या पाठीवर पेनानं चौकटी आखाव्या लागल्या.